सिलिंडरवर काय लिहायचं, सिलिंडर कसा न्यायचा : वाचकांचे प्रश्न

टेक्निकल डायव्हिंगबद्दल, म्हणजे एकापेक्षा जास्त गॅस घेऊन खोल जाणं आणि वर येताना थांबे घेत येणं, त्याबद्दल बरेच प्रश्न साठलेत. बहुतेक सगळे सिलिंडरचेच आहेत, म्हणून ह्या वेळी तेवढाच विषय घेतलाय.

प्रश्न (दादर) : ताई, अंदमानात डेकोचा, म्हणजे थांबे घेत वर यायचा, कोर्स करतोय. इन्स्ट्रक्टरने माझ्या सिलिंडरवर दोन्ही बाजूंनी चार बोटं उंचीचा २१ हा आकडा चिकटवलाय आणि गॅसचं नाव मात्र मानेपाशी बारीक अक्षरात. मी म्हटलं ‘नायट्रॉक्स ५०’ (म्हणजे ५० टक्के ऑक्सिजन, बाकी नायट्रोजन) मोठं लिहितो, तर नको म्हणाला. गॅस कुठला आहे हेच महत्त्वाचं ना? आणि रंगाने ओळखलं तर काय बिघडतं, माझा हिरवा पट्टा, बडीचा (सोबतच्या डायव्हरचा) पिवळा.

उत्तर : अरे, तुझ्या इन्स्ट्रक्टरचं शंभर टक्के बरोबर आहे. का ते नीट समजून घे, कारण पुढे तूही कुणाचा तरी बडी असणारेस.

ऑक्सिजन वरती जीव वाचवतो आणि खाली ठरावीक दाबाच्या पुढे तोच विष होतो. तुझा २१ म्हणजे ह्या गॅसची कमाल खोली, मीटरमध्ये. वर हवेचा एक बार दाब असतोच आणि दर १० मीटरला साधारण एक बार वाढतो, म्हणजे २१ मीटरवर एकूण ३.१ बार, त्यातला अर्धा ऑक्सिजन धरला तर ऑक्सिजनचा दाब १.५५. पोहताना, काम करताना १.४ आणि नुसतं थांब्यावर लटकलेलं असताना १.६, ही आज सगळीकडे पाळली जाणारी मर्यादा. तोच ५० टक्क्यांचा सिलिंडर चुकून ४५ मीटरवर तोंडात घेतला तर २.७५ होतात, आणि मग फिट कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. कधी आधी नजर अरुंद होते, कानात आवाज येतो, ओठ फडफडतात, कधी ह्यातलं काहीच न होता सरळ झटका येतो. जमिनीवर फिट आलेला माणूस बहुतेकदा शुद्धीवर येतो, पाण्यात मात्र तोंडातला रेग्युलेटर (ज्यातून श्वास घेतो तो) सुटतो आणि माणूस बुडतो. पॉल बर्ट ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाबाखालच्या ऑक्सिजनने झटके येतात हे १८७८ मध्येच लिहून ठेवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी जे. बी. एस. हॉल्डेन ह्यांनी स्वतःवर प्रयोग केले, त्यात ऑक्सिजनच्या एका फिटमध्ये त्यांच्या पाठीचे मणके चेपले. हेच हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्याच काळात केनेथ डोनाल्ड ह्यांनी नौदलाच्या डायव्हर्सवर पुष्कळ चाचण्या घेतल्या, १९४७ मध्ये छापल्याही. त्यातली सगळ्यात घाबरवणारी गोष्ट ही की एकाच माणसाची सहनशक्ती एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी भलतीच निघाली. म्हणजे ‘मला मागच्या वेळी काही झालं नाही’ ह्याला काडीचा अर्थ नाही.

आता आकड्याकडे ये. ‘नायट्रॉक्स ५०’ वाचून तुला किती खोल चालेल ते डोक्यात काढावं लागतं, २१ वाचून काहीच काढावं लागत नाही, मनगटावरच्या कॉम्प्युटरची खोली बघायची आणि दोन आकडे ताडून पाहायचे, बस. खोलीवर नायट्रोजनने डोकं जड झालेलं असतं, थंडी वाजत असते, एखादी गडबड झालेली असते, तेव्हा भागाकार जमत नाही रे, पण २१ पेक्षा ३८ मोठे हे कळतं. आणि मुख्य म्हणजे तो मोठा आकडा तुझ्यासाठी नाहीच, तो तुझ्या बडीसाठी आहे. तुझा सिलिंडर तुझ्या काखेखाली आडवा असतो, तुला तो धड दिसतही नाही, बडीला मात्र बाजूने स्पष्ट दिसतो. म्हणून आकडा सिलिंडर आडवा असताना सरळ वाचता येईल असा लावायचा आणि दोन्ही अंगांना, म्हणजे कुठूनही बघितलं तरी एक तरी दिसतोच. मानेपाशी एक छोटा तुझ्या स्वतःसाठी.

रंगाचं विसरून जा. एक तर खाली रंग राहत नाहीत, लाल सगळ्यात आधी जातो, वीस मीटरवर टॉर्च न लावता सगळं निळं-करडं दिसतं. दुसरं, रंगांचे नियम देशागणिक वेगळे. आपल्याकडे हॉस्पिटलचा ऑक्सिजन म्हणजे काळं अंग आणि पांढरा खांदा हे कोविडमध्ये घराघरात पाहिलंय, अमेरिकेत मेडिकल ऑक्सिजन हिरवा. आता त्याच अमेरिकेत नायट्रॉक्सचा पट्टाही हिरवा-पिवळा, मग तुझ्या हिरव्या पट्ट्याचा अर्थ नेमका कुणी काय घ्यायचा?

आणखी एक बघ, ह्याकडे फार जण दुर्लक्ष करतात. आकड्यापुढे मीटर की फूट ते लिहायचंच. २१ मीटर म्हणजे जवळपास ७० फूट, आणि अमेरिकेतून आलेल्या सिलिंडरवर नुसतं ७० लिहिलेलं असतं. आपला माणूस ते मीटर म्हणून वाचणार आणि ६० मीटरवर निर्धास्त तोंडात घालणार. शुद्ध ऑक्सिजनचा आकडा ६, तो उलटा धरला की ९ होतो, त्याच्या पुढेही मीटरचं अक्षर हवंच, म्हणजे वर कुठलं आणि खाली कुठलं हे कळतं.

हे सगळं लिहून झालं तरी गॅस बदलताना वाचलं नाही तर त्या स्टिकरचा उपयोग शून्य. २१ मीटरवर आलास, थांबलास, आधी खोली स्थिर कर, मग सिलिंडर पुढे ओढून आकडा वाच आणि बडीला दाखव. बडी त्याच्या कॉम्प्युटरवरची खोली बघतो, तुझा आकडा बघतो, मान हलवतो. मग त्या सिलिंडरचा रेग्युलेटर बाहेर काढ, व्हॉल्व्ह उघड, आणि व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत होजवरून (नळीवरून) बोट फिरव, कारण दोन स्टेज, म्हणजे अंगाला लटकवलेले जादा सिलिंडर, लावलेल्या असल्या की एकाचा व्हॉल्व्ह उघडून दुसऱ्याचा रेग्युलेटर तोंडात जाणं हे चांगल्या चांगल्यांकडून झालंय. बोट फिरवून खात्री झाली की मग बदल, आणि पहिले दोन-तीन श्वास घेताना प्रेशर गेजकडे बघ, काटा थरथरत खाली-वर होत असेल तर व्हॉल्व्ह अर्धवट उघडलाय. बडीने मान हलवल्याशिवाय बदलायचं नाही, मग थांब्याचं एक मिनिट वाया गेलं तरी चालेल.

प्रश्न (ठाणे) : फिलिंग करणारा स्वतः मोजून स्टिकर लावून देतो. मग मी पुन्हा ॲनलायझर (ऑक्सिजनचं प्रमाण मोजायचं यंत्र) लावायचा तो कशाला? विश्वास नावाची काही गोष्ट असते की नाही?

उत्तर : विश्वासाचा प्रश्नच नाही हो. तो दिवसाला ढीगभर सिलिंडर भरतो, तुम्ही तुमचे दोनच घेऊन जाणार. बाजूबाजूला उभे असलेले सारखे दिसणारे सिलिंडर, ओल्या हाताने लावलेल्या पट्ट्या, कुणीतरी जागा करायला एक इकडचा तिकडे सरकवला, बस एवढंच लागतं.

मोजायला पाच मिनिटंही जात नाहीत. ॲनलायझर आधी साध्या हवेवर धरायचा आणि २०.९ वर आणायचा. तो तिथे येतच नसेल किंवा आकडा सारखा वाहत असेल तर आतला सेल गेलाय, तो ॲनलायझर बाजूला ठेवा. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह अगदी किंचित, नुसती सुस्कारा टाकल्यासारखी हवा येईल इतकाच उघडायचा, कारण जोरात सोडली तर आकडा खोटा चढतो. पडद्यावरचे आकडे आधी भराभर पळतात, मग ४८, ४९, ४९.४, ४९.६ असं करत बसतात, आणि बसल्यावरही थोडं थांबून बघायचं. जो बसला तोच लिहायचा. ४९.६ आला तर ४९.६ लिहा, ५० नको. त्याखाली कमाल खोली, तारीख, सिलिंडरमधला दाब आणि तुमची आद्याक्षरं. हे सगळं सिलिंडरच्या मानेपाशीच्या पट्टीवर, तुमच्या स्वतःच्या हाताने.

आता समजा ५० मागितला आणि मोजल्यावर ५३ निघाला. असं होतं, मिक्स करताना थोडा इकडेतिकडे जातोच. १.६ ला ५३ टक्क्याने भागलं की ३.०२ बार येतात, म्हणजे जेमतेम २० मीटर. तुमच्या सिलिंडरवर छापील २१ तसाच राहिला तर तो आता खोटं बोलतोय. एक तर आकडा बदला, नाहीतर मिक्स परत करून घ्या आणि डाइव्हचा प्लॅनही त्याप्रमाणे बदला. फिलवाल्याच्या स्टिकरवर हे कधीच कळलं नसतं.

हेलियम असलेल्या मिक्सला दोन्ही गॅस मोजणारा ॲनलायझर लागतो, आणि तिथे खालची मर्यादाही लिहायची असते. १० टक्के ऑक्सिजन आणि ७० टक्के हेलियमचं मिश्रण खोलवर उत्तम, पण बोटीवर उभ्या उभ्या तोंडात घेतलं तर माणूस कोसळतो, आणि कोसळण्याआधी त्याला गुदमरल्यासारखंही होत नाही. अशा सिलिंडरवर कमाल खोलीसोबत ‘इतक्या मीटरच्या वर वापरू नये’ हेही तितक्याच मोठ्या आकड्यात हवं.

आणि ज्या सिलिंडरवर पट्टी नाही, तो भरलेला असो वा अर्धा, त्यात काय आहे ते कुणालाच माहीत नाही असं समजायचं. ‘अरे मीच भरला होता परवा, हवाच आहे’ हे वाक्य बोटीवर कुणी बोललं तर त्याला पुन्हा मोजायला लावा, मित्र असला तरी. सिलिंडर रिकामा झाला की जुनी पट्टी त्याच दिवशी फाडून टाका.

प्रश्न (डोंबिवली) : ताई, मी डायव्हिंग करत नाही, माझा मुलगा करतो. नोकरी अंधेरीला, सुट्टी मिळाली की कुठेतरी समुद्रात. हल्ली दोन सिलिंडर घरी आणून ठेवलेत, एकावर ऑक्सिजन लिहिलंय. जागा नाही म्हणून देवघराशेजारच्या कोपऱ्यात उभे केलेत. मला झोप लागत नाही. आणि मधे लोकलने घेऊन जायच्या गोष्टी करत होता.

उत्तर : काकू, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि हा कागद त्याच्यासमोर ठेवा.

देवघराशेजारून आजच हलवा. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही, पण जे पेटतं त्याला तो असा भडकवतो की विझवता येत नाही. व्हॉल्व्ह किंचित जरी गळत असला तरी बंद खोलीत तो पडद्यात, कपड्यात मुरतो, आणि शेजारी निरांजन, उदबत्ती. स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारीही नको. हवा खेळती असलेली, ऊन थेट न पडणारी जागा, गॅलरीत सावलीत चालेल, भिंतीला पट्ट्याने किंवा दोरीने बांधून, म्हणजे लहान मूल किंवा मोलकरीण धक्का लागून पाडणार नाही. अॅल्युमिनियमचा नेहमीचा मोठा सिलिंडर रिकामाच १४ किलोच्या आसपास असतो, पायावर पडला तर पाय मोडेल, आणि भरलेला असताना व्हॉल्व्हवर आपटून व्हॉल्व्ह तुटला तर तो भिंत फोडून जाऊ शकतो.

दुसरं, खोबरेल तेलाचे हात लावून कुणी तो व्हॉल्व्ह उघडायचा नाही. तेल, ग्रीस आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीचीही गरज लागत नाही. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर आतली हवा दाबली जाऊन इतकी तापते की आतली घाण पेटते, म्हणून ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह नेहमी हळूहळू उघडतात. ४० टक्क्यांच्या वरच्या मिक्ससाठी सिलिंडर, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर सगळं खास साफ केलेलं लागतं आणि ग्रीससुद्धा वेगळं लागतं. मुलाला विचारा, शेवटचं कधी करून घेतलं. उत्तर देताना तो अडखळला तर तो सिलिंडर घरातून बाहेर.

लोकलचं तर नावच काढू नका. रेल्वेचा १९८९ चा कायदा आहे, धोकादायक माल बेकायदा गाडीत आणला तर शिक्षा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये दाबलेल्या गॅसचा सिलिंडर घेऊन चढणं हे बाकीच्या माणसांशी वाईट वागणं आहे. गाडीने न्यायचा असेल तर आडवा, सीटच्या मागे घट्ट अडकवून, दोन्ही बाजूंनी गडगडणार नाही असा, व्हॉल्व्हवर टोपण, काच थोडी खाली, गाडीत सिगरेट नाही. एप्रिल-मे मध्ये बंद गाडीत ठेवून जेवायला जायचं नाही. २७ अंशाला २०७ बारने भरलेला सिलिंडर ६० अंशाला २३० च्या घरात जातो. चांगला सिलिंडर एवढ्याने फुटत नाही, पण गळती सुरू व्हायला एवढं निमित्त पुरतं, आणि बंद गाडीत ऑक्सिजन गळणं मला अजिबात नकोय. विमानात भरलेला नेता येत नाही, रिकामा असला तरी व्हॉल्व्ह काढूनच, आणि तेही एअरलाइनला आधी विचारून.

खरं सांगायचं तर त्याला घरी ठेवायची गरजच नाही. तारकर्लीला, गोव्याला, अंदमानला सेंटरवर सिलिंडर मिळतात, आणि स्वतःचेच हवे असतील तर तिथेच ठेवायची सोय बघायला सांगा. मुलगा करतोय ते वाईट नाही काकू, शिस्तीचा खेळ आहे, पण शिस्त घरापासून सुरू व्हायला हवी.

प्रश्न (वाशी) : स्टेज सिलिंडर डावीकडे की उजवीकडे? आमच्याकडे दोन गट पडलेत. एक म्हणतो जास्त ऑक्सिजनवाला उजवीकडे, कमीवाला डावीकडे, म्हणजे अंधारातही कळतं. दुसरा म्हणतो सगळे डावीकडेच. आणि बांधायचं कसं, तयार किट महाग आहे.

उत्तर : माझं मत स्पष्ट आहे, डावीकडे. उजव्या बाजूने तुमचा लाँग होज जातो, दोन मीटरचा, जो गॅस संपलेल्या माणसाला द्यायचा असतो. उजवीकडे सिलिंडर लटकवला तर तो होज त्याखाली अडकण्याची शक्यता असते आणि अडकला तर नेमका त्या वेळी अडकतो. आणि ‘उजवीकडचा म्हणजे ऑक्सिजन’ हे डोक्यात बसलं की माणूस वाचायचं सोडून देतो. मग एक दिवस खाली सिलिंडर अदलाबदल होतात, कुणी दुसऱ्याला दिलेला असतो, आणि हात सवयीने उजवीकडे जातो. दोन्ही बाजूंना लावणारे चांगले अनुभवी लोक आहेत, साइडमाउंटमध्ये, म्हणजे सिलिंडर पाठीवर न घेता दोन्ही कुशींना लावतात त्यात, तर तसंच करावं लागतं, माझा त्यांच्याशी वाद नाही, पण बाजू ही ओळख नव्हे. वाचल्याशिवाय तोंडात घालायचं नाही, मग तो कुठेही लटकवा.

बांधणी घरी करता येते. मानेला जाड नायलॉन दोरीचा फास आणि त्याला एक बोल्ट स्नॅप (खटक्याचा हुक), तो छातीच्या पट्ट्यावरच्या डी-रिंगला (धातूच्या कडीला). सिलिंडरच्या अंगावर, खांद्यापासून साधारण दोन तृतीयांश खाली, स्टेनलेस स्टीलची होज क्लिप, तिच्याखालून तीच दोरी काढून दुसरा बोल्ट स्नॅप, तो कमरेच्या डी-रिंगला. मधल्या दोरीचाच हँडल होतो. होज क्लिप नागदेवी स्ट्रीटला मिळते, फक्त लोहचुंबक घेऊन जा, स्टेनलेस म्हणून साधं लोखंड गळ्यात मारतात आणि एका सीझनमध्ये गंजतं. दोरी भाऊच्या धक्क्याजवळ मच्छीमारांच्या सामानात उत्तम मिळते. क्लिपच्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा नाहीतर हात कापतो. बोल्ट स्नॅप कुठेही धातूला धातू जोडून लावायचा नाही, मधे दोरी हवीच, कारण स्नॅप जाम झाला तर ती चाकूने कापता यायला हवी.

होज ट्यूबच्या नाहीतर बंजीच्या (ताणणाऱ्या रबरी दोरीच्या) दोन पट्ट्यांखाली गुंडाळून ठेवा, लोंबता नको. उतरण्याआधी व्हॉल्व्ह एकदा उघडून रेग्युलेटरमध्ये दाब भरा आणि परत बंद करा. दाब असला की पाणी आत शिरत नाही, आणि व्हॉल्व्ह बंद असला की रेग्युलेटर आपोआप सुटून सगळा गॅस बाहेर जाण्याचा धोका राहत नाही, शिवाय चुकून तोंडात घेतला तर दोन श्वासात कळतं. मधेमधे गेज बघत राहा, दाब उतरला असेल तर परत भरा.

स्टेजसाठी अॅल्युमिनियमच घ्या. स्टील पाण्यात एका बाजूला ओढतं. अॅल्युमिनियमचा भरलेला असताना जेमतेम बुडतो आणि रिकामा होत आला की बूड वर करून तरंगायला लागतो, थांब्यावर अचानक असं झालं की नवखा माणूस गडबडतो, तेव्हा आधी उथळ पाण्यात रिकामा लावून पोहून बघा. बोटीवर पोरांना सांगून ठेवा की सिलिंडर रेग्युलेटरला धरून उचलायचा नाही, हँडलला धरा, आणि शक्यतो तुम्ही पाण्यात उतरल्यावर दोरीने खाली सोडायला सांगा.

प्रश्न (भायखळा) : दारूखान्यात, मुंबईत जुनी जहाजं तोडतात तिथे, जहाजातून निघालेला स्टीलचा हवेचा सिलिंडर स्वस्तात मिळतोय, दिसायला चांगला आहे. रंग मारून, आकडा चिकटवून डायव्हिंगला चालेल का?

उत्तर : नाही. तो बहुधा आगीच्या वेळी धुरात वापरायच्या सेटचा असणार, त्याचा व्हॉल्व्ह आणि आटे वेगळे असू शकतात. आत काय भरलं होतं, किती वर्षं ओला पडला होता, भट्टीजवळ तापला होता का, ह्यातलं काहीच कळणार नाही, आणि स्टील आतून गंजतं, बाहेरून नाही दिसत. अॅल्युमिनियमचा मिळाला तरी हुरळून जाऊ नका, १९९० च्या आधीचे काही सिलिंडर ६३५१ ह्या मिश्रधातूचे आहेत, त्यांना मानेशी तडे जाण्याचा इतिहास आहे. आपल्याकडे गॅस सिलिंडर नियम २०१६ आहेत, नागपूरला मुख्यालय असलेली पेसो ही संस्था ते बघते, आणि मंजुरी नसलेला सिलिंडर भरणंच नियमात बसत नाही, त्यामुळे कुठलाही नीट चालणारा फिलिंग स्टेशनवाला तो हातात घेणार नाही. जो घेईल त्याच्याकडे बाकीचे सिलिंडरही भरू नका.

जुना घ्यायचाच असेल तर खांद्यावर ठोकलेले शिक्के वाचा, बनवल्याची तारीख, शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाणी भरून दाब देऊन घेतलेल्या चाचणीची) तारीख, कामाचा दाब. हायड्रो ५ वर्षांच्या आतली हवी, आणि वर्षातून एकदा व्हॉल्व्ह काढून आतून बघून घ्यायचा. शिक्के रंगाखाली दबले असतील किंवा घासून काढलेले दिसले तर तिथूनच परत फिरा.

आणि ज्यांनी विचारलंय की आकडा मार्करने थेट रंगावर लिहिला तर चालेल का : नको, खाऱ्या पाण्यात आणि घासाघाशीत पुसट होतो, आणि पुसट २१ पाण्यात ४१ सारखाही दिसू शकतो. पांढऱ्या चिकटपट्टीवर काळ्या जाड मार्करने लिहा, सिलिंडर कोरडा पुसून मगच लावा, आणि आदल्या डाइव्हची पट्टी काढल्याशिवाय तिच्यावर नवी चिकटवू नका.